कोयरपल्लीचा हात

सकाळी सातला पाच कमी झाले की रुपराव वैरागड्यांच्या घरात भांडं वाजवायचं नाही, स्टोव्ह पेटवायचा नाही आणि शक्य तर श्वासही बेतानं घ्यायचा, असा कायदा होता. सक्करदऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत माणसं मोजून दोन, रुपराव आणि त्यांची सून जयवंता. तरी कायदा म्हणजे कायदा. रुपराव पाटावर मांडी घालून बसत, कानांना हेडफोन लावत, मांडीवर वही घेत आणि जुन्या रेडिओचं बटण केसाएवढं फिरवत. तिकडून बारीक टू-टू असा आवाज सुरू झाला की त्यांची पेन्सिल चालू लागायची. जयवंता दाराला पाठ लावून उभी असायची. पेन्सिल थांबली आणि रुपरावांनी मान हलवली की ती स्टोव्हकडे वळायची. तिचा नवरा आज सकाळी जिवंत होता, आता चहा टाकायला हरकत नव्हती.

रुपराव छत्तीस वर्षं नागपूरच्या तारघरात होते आणि अठ्ठ्याहत्तर साली निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही तार चुकीची घेतली नाही, असं ते स्वतः सांगत आणि इतरही मान्य करत. त्यांची युक्ती साधी होती. अक्षरं घ्यायची, मजकूर वाचायचा नाही. कुणाचा बाप गेला, कुणाला मुलगा झाला, हे मनात शिरू दिलं की हात अडखळतो. हजारो माणसांची मरणं त्यांच्या पेन्सिलीखालून गेली आणि ते संध्याकाळी घरी येऊन वरण-भात जेवले.

निवृत्तीनंतर माणसं देवळात जाऊ लागतात, पत्ते कुटतात, नाहीतर सुनेच्या भाजीत मीठ जास्त झालं की कमी याची चौकशी करतात. रुपरावांचा जीव यात रमेना. आयुष्यभर तारेचं कडकट्ट ऐकलेल्या कानांना उपास घडत होता. शेवटी तारखात्याच्या वर्कशॉपमधल्या एका जुन्या सोबत्यानं त्यांच्या रेडिओला मागून एक जोडणी करून दिली आणि लिंबाच्या झाडापासून कौलांपर्यंत एक तार ताणली. त्या दिवसापासून रुपरावांना रानावनातली पोलीस ठाणी एकमेकांशी बोलताना ऐकू येऊ लागली. त्या दूरच्या ठाण्यांचे बिनतारी संदेश तेव्हा मोर्समध्येच, तारघरातल्या त्याच लिपीत, जायचे. हवेतून जाणारी गोष्ट, ज्याला ती लिपी येते त्यानं ऐकावी, असं रुपरावांचं मत. कायद्याचं मत वेगळं होतं. दुसऱ्याचे संदेश ऐकणं गुन्हा होता आणि रेडिओच्या लायसनावर तशी अटही होती. रुपराव दरवर्षी पोस्टात जाऊन लायसन नवं करून आणायचे आणि अटींची बाजू खाली करून पेटीत ठेवायचे.

त्यांचा एकुलता एक मुलगा गिरिधर पोलिसांच्या वायरलेस खात्यात ऑपरेटर होता. एक्क्याऐंशी सालापासून तो कोयरपल्लीला होता. आलापल्लीच्या पुढे एस.टी. संपते, मग जीप संपते, मग एक नदी लागते, आणि नदीच्या पलीकडे जंगलात कोयरपल्लीचं ठाणं. पावसाळ्यात त्या ठाण्याचा जगाशी संबंध म्हणजे गिरिधरचं बोट. पत्र यायला बारा-पंधरा दिवस लागत. बायकोला तिथे नेण्याची परवानगी नव्हती, म्हणून जयवंता सासऱ्याजवळ राहिली होती.

मोर्स पाठवणाऱ्या प्रत्येकाचा एक हात असतो. अक्षर पाहून जसा लिहिणारा ओळखता येतो, तसा कान तयार असेल तर ठोक्यांवरून पाठवणारा ओळखता येतो. रुपरावांचं उजवं मनगट तरुणपणी सायकलवरून पडून मोडलं होतं आणि ते धड जुळलं नाही. त्यामुळे शब्द संपताना शेवटचा ठोका त्यांच्याकडून किंचित लांबायचा. गिरिधरला त्यांनीच शिकवलं, आणि धडधाकट मनगटाच्या त्या पोरानं अक्षरांसकट बापाची खोडही उचलली. रुपरावांनी आधी रागावून पाहिलं, मग मनातल्या मनात सुखावले. असा हात जगात दोघांचाच, आणि त्यातला एक निवृत्त झालेला. यात कुठे चूक होऊ शकते, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. संदेश साध्या इंग्रजीत जात. तांदूळ संपला, बॅटरी उतरली, नदी चढली, सगळं रुपरावांना घरबसल्या कळायचं. संदेश संपला की गिरिधर एक जास्तीचं टिंब, म्हणजे एकच छोटा ठोका, टाकायचा. ते फक्त घरासाठी असायचं. जयवंताला मोर्सचं काळं की पांढरं ठाऊक नव्हतं, पण तेवढं टिंब ऐकायला ती हेडफोनची एक बाजू कानाला लावून घ्यायची.

ब्याऐंशीच्या पुरात तिकडे नातलग असलेले लोक रुपरावांकडे येऊ लागले. कुणाचा भाऊ तिकडे मास्तर, कुणाचा जावई जंगल खात्यात. कसं कोण जाणे, पण बातमी पसरली होती की वैरागडेबाबूंना तिकडचं कळतं. रुपरावांनी कुणालाही परत पाठवलं नाही. अडलेल्याला आपल्या माणसाची खबर द्यायची, यात वाईट ते काय? पण खबर देता देता माणसाला खबर देण्याची चटक लागते. शेजारचे वामनराव एका दैनिकात कामाला होते. एका संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या रुपराव त्यांना बोलून गेले की कोयरपल्लीची रसद परवा अमुक घाटानं निघणार आहे. दुसऱ्या दिवशी ते पेपरात आलं. नशीब की ते वाचून वाटेत कुणी दबा धरून बसलं नाही. पण वरच्या साहेबांनी ते वाचलं आणि त्यांचं पित्त खवळलं. पंधरा दिवसांनी गिरिधरचं पत्र आलं. एक तारखेपासून मिठामिरचीचा संदेशही कोडात जाईल आणि जास्तीचं एक टिंब गेलं तरी जाब द्यावा लागेल. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘बाबा, ऐका, पण बोलू नका.’

रुपरावांनी कानाला खडा लावला. लोकांचं येणं बंद केलं. वामनरावांजवळ आपण काय बोललो ते जयवंताशिवाय कुणालाही कळू दिलं नाही. वहीत आता पाच-पाच अक्षरांचे गट उतरू लागले, ज्यांना ना शेंडा ना बुडखा. त्यांचा अर्थ ठाण्याचे साहेब आणि जिल्ह्याचा कंट्रोल, म्हणजे तिथलं मुख्य बिनतारी केंद्र, यांनाच लागायचा. टिंबही गेलं होतं. उरला होता तो फक्त हात. शब्दांना कुलूप लावता येतं, हाताला लावता येत नाही, असं रुपराव सुनेला सांगत, आणि ती त्यावर दिवस ढकलत होती.

त्र्याऐंशीच्या ऑगस्टात, आठ तारखेला, गिरिधरचं पत्र आलं. ते पंचवीस जुलैला लिहिलेलं होतं. शेवटच्या ओळीत होतं, ‘चार दिवसांपासून थंडी वाजून ताप येतो आहे, गोळ्या घेतो आहे, काळजी नसावी.’ जयवंताने ती ओळ दहादा वाचली. तिकडचा ताप कसा असतो हे या भागात कुणाला शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, बरोबर सातला कोयरपल्ली बोलू लागलं. लांबलचक संदेश होता, बेचाळीस गटांचा. हवा अशी स्वच्छ होती की शेजारच्या खोलीतून कुणी बोलावं. रुपरावांनी एकही अक्षर न सोडता सगळा संदेश घेतला. प्रत्येक गटाचा शेवटचा ठोका लांबत होता. संदेश संपल्यावर जिल्ह्याच्या कंट्रोलनं उलट विचारलं की गट अकरा ते एकोणीस मिळाले नाहीत, पुन्हा पाठवा. असलं विचारणं-सांगणं कोडात नसायचं, ते रुपरावांना समजायचं. कोयरपल्लीनं पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या गटाला आवाज बारीक झाला आणि बारीक होत होत विझला. बिनतारीचं असंच विचित्र असतं, कधी जवळच्याला ऐकू येत नाही आणि लांबच्याला येतं.

रुपराव हेडफोन काढून हसले.

“कंट्रोलवाल्याचे कान फुटले वाटते,” ते म्हणाले. “पोरगा इतका सुंदर पाठवून राहिला, अन् ह्याले नऊ गट सापडत नाहीत. माह्याजवळ पुरा आहे. आता बॅटरी बसली त्यायची.”

“हात त्यायचाच होता ना, मामाजी?” जयवंताने विचारलं.

“दुसऱ्या कोणाचा राहीन? ठाण्यात ऑपरेटर एकच.”

“तापाच्या माणसाचा हात इतका चालते का?”

“ताप उतरला म्हणूनच चालते वं.”

पण दुपारी जयवंताने लुगडं बदललं, गिरिधरचं पत्र पिशवीत टाकलं आणि चपला घातल्या.

“मी वायरलेसच्या हापिसात जाऊन येते,” ती म्हणाली. “त्यायची चिठ्ठी दाखवते. ताप कसा आहे इतकंच विचारा म्हणते. त्यायच्याजवळ मशीन आहे, एक खबर घेतीन.”

रुपराव दारात उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे सगळं एका झटक्यात येऊन गेलं. बोलता बोलता ही सकाळच्या संदेशाचं बोलून जाईल. तुम्हाला कसं कळलं, असं विचारतील. मग झडती होईल, पेपरातल्या त्या बातमीचा धागा लागेल आणि गिरिधरची नोकरी जाईल. आणि खरं सांगायचं तर रेडिओ जप्त होईल ही भीती मुलाच्या नोकरीच्या भीतीपेक्षा काही लहान नव्हती. हे त्यांनी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही.

“काहून जातं?” ते म्हणाले. “पोलिसाची बायको तापापायी हापिसात रडत आली म्हणतीन. हासतीन त्याले तिथं. आज सकाळी माह्या कानानं ऐकलं मी. छत्तीस वर्षं हे कान चुकले नाहीत, आज चुकतीन का?”

“माहं मन नाही मानून राहिलं, मामाजी.”

“मनाचं नको सांगू. कानाचं सांग.”

सासऱ्याला ढकलून जाणारी ती नव्हती, आणि तिलाही कुठेतरी त्यांचं खरं व्हायला हवं होतं. तिनं चपला काढल्या.

बुधवारी कोयरपल्लीनं तो लांब संदेश पुन्हा पाठवला आणि कंट्रोलनं तो मिळाल्याचं सांगितलं. गुरुवारी एक छोटा संदेश आला, शुक्रवारी दोन. शनिवार, रविवार, रोज सातला हात यायचा, ताजा आणि ठसठशीत. रुपराव मान हलवायचे, जयवंता वळायची. पंधरा ऑगस्टला हात इतका झपझप चालला की रुपरावांनी सुनेला साखर घालून शिरा करायला सांगितला, आणि तिनं बऱ्याच दिवसांनी पोटभर खाल्लं.

सतराला दुपारी वायरलेस ऑफिसचा जमादार सायकलवरून आला. पावसानं तो निथळत होता. त्यानं खिशातून घडीचा कागद काढला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. ऑपरेटर गिरिधर रुपराव वैरागडे, मेंदूत चढलेला मलेरिया, होडीतून तालुक्याच्या दवाखान्यात आणताना वाटेतच गेले. रस्ते बंद असल्यामुळे कोयरपल्लीलाच परत नेऊन इतमामानं अग्नी दिला.

“कवा?” रुपरावांनी विचारलं.

“बारा तारखेले, बाबूजी. शुक्रवारी.”

“तुमचं काही तरी चुकलं आहे.”

जमादारानं असं म्हणणारी माणसं आधीही पाहिली असतील. त्यानं कागद खाटेवर ठेवला, जयवंताकडे न बघता टोपी काढली, घातली आणि निघून गेला. रुपराव बोटांवर मोजत होते. तेरा, चौदा, पंधरा, सोळा, आज सतरा. पाचही दिवस त्यांनी हात ऐकला होता. आत जयवंता जमिनीवर कोसळली होती आणि तिचा आवाज ऐकून शेजारच्या बाया धावत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सातला, डोळे सुजलेल्या सुनेला समोर बसवून, रुपरावांनी रेडिओ लावला. कोयरपल्ली बोललं. शेवटचा ठोका लांबला, पुन्हा लांबला. त्यांनी हेडफोन तिच्या कानांना लावले.

“जिता आहे,” ते म्हणाले. “नावात घोळ केला त्यायनं. मेलेल्याचा हात चालते का?”

बुडणाऱ्या माणसासारखं तिनं ते धरलं. दहाला तिची आई तुळसाबाई कामठीहून बसनं आली. येताच लेकीला मिठीत घेऊन रडली आणि मग रीतीप्रमाणे तिच्या बांगड्यांना हात घातला. जयवंताने दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.

“हात नको लावू, मा. ते आज सकाळी सातले होते.”

“कुठी होते वं?”

कुठे ते सांगितलं तर गुन्हा, आणि तो जिवंत असेल तर त्याच्या नोकरीचा बळी. तुळसाबाई तीन दिवस राहिली, लेकीच्या कपाळाचं कुंकू बघून कपाळ बडवत राहिली आणि शेवटी परत गेली. वामनराव येऊन म्हणाले की कार्य तरी करा, पोराच्या जिवाला शांती मिळू द्या. रुपरावांनी त्यांच्या तोंडावर दार लावलं. मोहल्ल्यात सगळ्यांचं एकमत झालं की धक्क्यानं दोघांच्याही डोक्यावर परिणाम झाला आहे.

रुपरावांनी खात्याला अर्ज लिहायला घेतला. आपली बातमी चुकीची आहे, कृपया कोयरपल्लीला पुन्हा विचारावे. इथपर्यंत हात चालायचा आणि पुढच्या वाक्याला थांबायचा, कारण पुढचं वाक्य ‘मला कसे कळले’ हेच होतं. तीन अर्ज त्यांनी फाडले. दहावा दिवस आला आणि गेला. घाटावर कुणी गेलं नाही. घरात रोजच्यासारखी भाजी-भाकरी होत होती आणि ताटात तशीच राहत होती. दिवसभर दोघं एकमेकांच्या नजरा चुकवत. तिच्या तोंडून शंका निघेल या धास्तीनं ते बोलत नव्हते, आणि त्यांच्या डोळ्यांत ती दिसेल म्हणून ती वर बघत नव्हती. सकाळची ती दहा मिनिटं तेवढी त्यांची होती. बाकीचा दिवस नुसता ओढून न्यायचा होता.

सव्वीस तारखेला, शुक्रवारी, कोयरपल्ली बोललं पण हात वेगळा होता. ताठ, एकसारखा, ट्रेनिंग स्कूलमध्ये घोटून घेतलेला. शनिवारीही तोच. रविवारी रुपरावांनी संदेश संपेपर्यंत वाट पाहिली, संपल्यावरही पाहिली. जयवंता दाराला पाठ लावून उभी होती. त्यांची मान हलेना. ती तिथेच खाली बसली. त्या घरात सतराला जे रडणं व्हायचं होतं ते अठ्ठावीसला झालं, आणि या वेळी शेजारच्या बाया आल्या नाहीत, कारण कुणाला काही समजेनासं झालं होतं.

सोमवारी दुपारी पंचेचाळिशीचा एक हवालदार दारात आला. खांद्यावर गिरिधरची पत्र्याची पेटी, हातात लाल फडक्यात बांधलेलं छोटं मडकं. त्यानं मडकं आधी कोनाड्यात ठेवलं, मग पेटी उतरवली, मग रुपरावांचे पाय शिवले.

“मी चंद्रभान,” तो म्हणाला. “कोयरपल्लीचा. गिरिधरभाऊले मीच अग्नी देल्ला. बदली माणूस शुक्रवारी आला, तवा सुट्टी भेटली मले.”

“बदली माणूस म्हणजे?” रुपरावांनी विचारलं. “तवरी मशीनवर कोण होतं?”

“मीच होतो, बाबूजी. भाऊनं शिकवलं मले. दोन वर्षं, रोज जेवण झालं का घेऊन बसे. म्हणे, मले काही झालं तं ठाणं मुकं नाही पडलं पाहिजे. मशीनले हात नाही लावू द्यायचा, नुसता लाकडावर ठोकायले लावे. तीन तारखेले त्यानं अंथरूण धरलं, तवा पह्यल्यांदा बसलो मी.”

रुपरावांनी आपला उजवा हात पुढे केला आणि मनगट वर वळवलं.

“याच्यावर दाब,” ते म्हणाले. “त्याचं नाव.”

चंद्रभानला काही कळलं नाही, पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं विचारलंही नाही. त्यानं बोट मनगटावर टेकवलं आणि दाबू लागला, लांब, लांब, लहान. रुपरावांनी डोळे मिटले होते. नाव संपलं. शेवटचा दाब जरासा लांबला.

“हे असं ओढतं काहून?” त्यांनी विचारलं.

“भाऊ असंच करे. मले वाटलं असंच राहते.”

रुपरावांनी हात मागे घेतला आणि दुसऱ्या हातानं झाकून ठेवला. मग चंद्रभानच बोलला, कारण त्याच्याही मनावरचा धोंडा त्याला कुठेतरी उतरवायचा होता.

“नऊ तारखेले सकाळी खबर टाकली होती मी. ताप डोक्यात गेला, शुद्ध नाही, होडी पाठवा. साहेबानं कोड करून देल्ला, मी ठोकला. कंट्रोलले मधले नऊ गट नाही भेटले. साधं राहिलं असतं तं आगच्या-मागच्यावरून समजलं असतं. कोडात मधलं गेलं का पुरंच बंद. तितक्यात आमची बॅटरी बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकली, ते उलगडून साहेबापाशी जाईस्तोवर सांज झाली. अकराले तालुक्यातून होडी निघाली, बाराले ठाण्यावर पोचली. होडीतला डाक्टर म्हणे, एक दिवस आधी आणलं असतं तं हातात होता.”

रुपराव उठले. वही काढून त्यांनी पानं मागे चाळली. नऊ ऑगस्टचं पान त्यांनी चंद्रभानसमोर धरलं. सात-सातच्या ओळींत बेचाळीस गट, मोत्यासारखं अक्षर, कुठे खाडाखोड नाही. चंद्रभाननं बोट ठेवून पहिला गट वाचला, दुसरा वाचला, मग अकराव्यावर गेला आणि एकोणिसाव्यापर्यंत एकेक अक्षर वाचत राहिला.

“हे पुरं आहे,” तो हळूच म्हणाला. “हेच भेटलं नव्हतं त्यायले.”

मग तो पोलीस होता हे त्याला आठवलं असावं. त्यानं खिडकीतून आत आलेली तार पाहिली, रेडिओ पाहिला, रुपरावांकडे पाहिलं. वही मिटली आणि त्यांच्या हातात परत दिली.

“मी हे पाह्यलं नाही,” तो म्हणाला. जयवंताने दिलेलं पाणी पिऊन तो उठला. बूट घालताना, मान खाली असतानाच बोलला, “आंधी सगळं साधंच जाये. कोणं तरी पेपरात टाकलं, तवापासून हे कोडाचं लफडं लागलं मांगं. ज्यानं टाकलं त्याले मालूम बी नसन.”

जयवंता भिंतीला टेकून बसली होती. पेपरात ते कुणामुळे गेलं, तिला ठाऊक होतं. तिनं सासऱ्याकडे पाहिलं नाही आणि हवालदाराला काही सांगितलं नाही. चंद्रभान हात जोडून गेला.

रुपराव वही छातीशी धरून पाटावर बसले. तिनं शिव्या द्याव्यात, वही चुलीत घालावी, रेडिओ उचलून अंगणात आपटावा, काहीही करावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. छत्तीस वर्षं लोकांची मरणं न वाचता घेतली, आणि पोटच्या पोराचंही तसंच घेतलं, हसत हसत.

जयवंता उठली. उंबऱ्यावर जाऊन बसली आणि हात दगडावर टेकवून बांगड्या फोडू लागली, आधी डाव्या हातातल्या, मग उजव्या. सगळ्या फुटल्या तेव्हा तिनं काचा पदरात गोळा केल्या आणि पहिल्यांदा सासऱ्याकडे मान वळवली.

“मी निघाली होती, मामाजी,” ती म्हणाली. “चपला घातल्या होत्या मी.”